एका पायाची करकर

चप्पल एकच होती. उजवी. डावीच्या जागी डेकच्या फळीवर तळव्याएवढा कोरडा ठसा राहिला होता आणि त्याच्या भोवती सगळीकडे दव. म्हणजे दव पडल्यानंतर गेली, आत्ताच, तासा-दोन तासांत. शैलेंद्र रात्रपाळी करून आला होता. कानांत अजून डेटा सेंटरची घरघर होती, बारा तास ऐकली की पुढचे चार तास आपणहून वाजत राहणारी, आणि त्या घरघरीतच तो ओणवा होऊन फळ्यांच्या फटींत, ग्रिलच्या कव्हराखाली, कुंड्यांच्या मागे बघत राहिला. आतून सुलेखानं काचेचं दार सरकवलं. "काय शोधतोयस?" "बाबांची चप्पल. डावी." "वाऱ्यानं गेली असेल खाली." "अर्ध्या किलोची चप्पल आहे ती, सुलेखा. वाऱ्यानं जायला काय पतंग आहे?" ती दाराची कड धरून उभी राहिली. तिनंच सांगितलं होतं, गेलेल्या माणसाच्या चपला घरात नकोत, बाहेर ठेव. म्हणून त्या बाहेर होत्या. आता ते काढायचं की नाही, हे तो ठरवत होता, तेवढ्यात नैना आतून, तोंडात सीरियल घोळवत म्हणाली, "इट्स द फॉक्स, बाबा. फॉक्सेस स्टील शूज." "कशाला?" "किट्स, पिल्लांसाठी. दे प्ले विथ देम." पंधरा वर्षांची पोर, मराठीचा एक शब्द मीठ टाकावं तसा टाकायची. "खेळायला?" तो म्हणाला. "बाबांची चप्पल खेळायला?" आणि आपला आवाज चढलाय हे त्याला स्वतःलाच उशिरा ऐकू आलं.

ती कापशीची चप्पल होती. गडहिंग्लजच्या बाजाराला येणाऱ्या एका कारागिराकडून त्याच्या वडिलांनी, जगन्नाथरावांनी, मापं देऊन करून घेतलेली, तळव्याच्या दोन थरांत विंचू घातलेली. विंचू म्हणजे चामड्याच्या पोटात दडवलेलं वाळकं बी. पाऊल पडलं की कर्र, उचललं की कर्र. जगन्नाथराव कोर्टात बेलिफ होते. समन्स घेऊन गावोगाव चालत जायचे, आणि त्यांच्याआधी त्यांची करकर पोचायची. माणसं घाईनं आत जायची, दाराला कडी घालायची, कुणी मागच्या दारानं परसात पळायचं. शैलेंद्रला शाळेत पोरं चिडवायची, आला रे आला, कर्र आला. एकदा तो रडवेला होऊन म्हणाला होता, "बाबा, साध्या चपला घाला की. आवाज नसला तर माणूस सापडेल तरी तुम्हाला." जगन्नाथराव हसले नाहीत. म्हणाले, "माणसाला कळाय पायजे, कोण यायलंय ते. चोरावानी जाऊ नये कुणाच्या दारात." आणि दार उघडलंच नाही, तर समन्स दारावर डकवून, खाली स्वतःचं नाव वळणदार अक्षरात लिहून, आले तसे वाजत परत यायचे. आई होती तेव्हा ती करकर गल्लीच्या तोंडाशी ऐकूनच चहाचं आधण टाकायची. तिला प्रत्येक गोष्टीवर ओवी जुळवायची खोड. या चपलांवरही तिची एक होती, तिनंच जुळवलेली, कुठून ऐकलेली नव्हे:

करकर वाजे वाटे, सये, पाऊल बोलतं
उंबऱ्याच्या आत माझं, आधण उकळी फुटतं

इतक्या वर्षांत ती ओळ शैलेंद्रला कधी आठवली नव्हती. आज डेकवर गुडघे टेकून बसलेला असताना आठवली, तीही पूर्ण चालीसकट, आणि त्यानं त्याला अधिकच चीड आली. आठवायला हीच वेळ सापडली?

चपला अमेरिकेत, ॲशबर्नला आल्या त्या जगन्नाथरावांच्याच पायांतून, चार वर्षांपूर्वी. तीन महिने राहिले ते. सकाळ झाली की निघायचे चालायला, या एकाच बिल्डरनं एकाच साच्यातून काढल्यासारख्या घरांच्या रांगांतून, रिकाम्या फुटपाथवरून कर्र कर्र कर्र. कुत्री भुंकायची. पडदे हलायचे. एकदा देवांगनं, शेजाऱ्यानं, हसत हसतच सांगितलं, "शैलेंद्रभाई, काका निघाले की अलार्मची गरज नाय." देवांग बोरिवलीचा, गुजराती, मराठी स्वच्छ बोलायचा, आणि त्याच्या मनात खोट नव्हती. पण शैलेंद्रच्या कानशिलापर्यंत शाळेतलं सगळं वर चढलं. त्याच संध्याकाळी त्यानं पांढरेशुभ्र, ढगासारख्या तळव्याचे स्नीकर आणले. "बाबा, इथं हे घालतात. गुडघ्यालाही बरं." जगन्नाथरावांनी बूट हातात घेतले, तळवा दाबून पाहिला, म्हणाले, "ह्याला आवाजच न्हाई की रे." त्याच आठवड्यात एका सकाळी दोघं चालताना तळ्याकाठच्या झुडपातून ती बाहेर आली, तांबूस, काळ्या पायांची, शेपटीच्या टोकाला चुन्यात बुडवल्यासारखं पांढरं. "कोल्हा, बाबा!" "कोल्हं न्हवं, खोकड हाय," जगन्नाथराव म्हणाले. ती वीस पावलांवरून निवांत बघत राहिली. "चपला असत्या तर पळाली असती बघ. आता तिला कळंना, आपण कोण ते." परत जाताना ते स्नीकर घालूनच विमानात बसले. चपला गॅरेजमध्ये राहिल्या. "असू दे. पुढच्या येळंला आलो की घालीन."

पुढची वेळ आली नाही. मागल्या वैशाखात ते गेले तेव्हा शैलेंद्रचे व्हिसाचे कागद नूतनीकरणात अडकलेले होते. बाहेर पडलास तर आत येणं अवघड, वकील म्हणाला. मुलीची शाळा, घर, नोकरी, सगळं त्या एका 'अवघड' शब्दाच्या एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला चुलतभावाच्या हातातला फोन. दहाव्याचं सगळं त्यानं त्या फोनमधून पाहिलं, कामावरच्या पार्किंग लॉटमध्ये, गाडीत बसून. नदीकाठ, भाताचे पिंड, आणि समोरच्या झाडावर तीन कावळे, नुसते बसलेले. शिवेनात. मग सुरू झालं ते नेहमीचं. गेलेल्याची काय इच्छा राहिली असेल त्याचा अंदाज करत एकेकानं पुढं होऊन शब्द द्यायचा. आत्या म्हणाली, दादा, घराकडं मी बघीन. चुलतभाऊ म्हणाला, काका, तुमच्या झाडांना पाणी घालायचं आम्ही मोडणार नाही. कावळे ढिम्म. मग कुणीतरी म्हणालं, शैलूला बोलू द्या, त्याच्यातच जीव असणार. आणि शैलेंद्र बोलला. नाक पुसत, दोन-तीन मिनिटं बोलला. बाबा, मी येतो. पुढच्या वर्षी सगळं आवरून कायमचा येतो. पलीकडे सगळे वाट बघणारे. मग चुलतभावाचा चेहरा जवळ आला, "शैलू? लाईन गेली का रे? दिसतोय नुसता." तेव्हा त्याचं लक्ष कोपऱ्यातल्या माइकच्या खुणेकडं गेलं. आडवी लाल रेघ. आवाज बंदच होता. पुन्हा पहिल्यापासून बोलायला तो तोंड उघडणार, तर तिकडं भटजींनी घाई केली, ऊन चढतंय म्हणाले, आणि दर्भाचा कावळा करून शिववला. झालं. ते बोलणं कुणाकडं पोचलं नाही आणि त्याच्याजवळही राहिलं नाही. मधेच कुठंतरी लोंबकळत राहिलं, वर्षभर.

म्हणून वर्षश्राद्धाला त्यानं हट्ट धरला. सुलेखानं रजा काढून सगळं रांधलं, खीर, वडे, गवार, आमसुलाची चटणी. इंडियन स्टोअरच्या फ्रीजरमधलं केळीचं पान आणून त्यावर घास वाढला आणि डेकच्या कठड्यावर ठेवला. कावळा होता. देवांगच्या छपरावर होता, चांगला जाड, तेलकट काळा. मान वाकडी करून पान बघितलं त्यानं, आणि चोच पंखांत खुपसून खाजवत बसला. शैलेंद्र काचेमागं अर्धा तास उभा. आणि मग डेकच्या पायऱ्यांवरून, पावलाचा आवाज नाही, नखांचा नाही, कोल्ही वर आली. कठड्यावर पुढचे पाय टेकून आधी वडा उचलला, मग खीर चाटली, मग पान ओढून खाली पाडलं. त्यानं काचेवर थाप मारली तर तिनं डोळे वर करून फक्त बघितलं. फोनवर गुरुजी म्हणाले, हरकत नाही, मुक्या जिवाच्या मुखी गेलं. पण त्याला मुका जीव नको होता, कावळा हवा होता. दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर त्यानं पुन्हा तूपभात ठेवला. तिसऱ्या दिवशी पुन्हा. सुलेखा म्हणाली, "अरे, वर्षश्राद्ध एकदाच असतं. रोज काय मांडतोस?" "एकदा शिवू दे." "तो अमेरिकन कावळा आहे, शैलेंद्र. त्याला कोण सांगणार?" ती हसवायला बोलली होती. त्याला हसू आलं नाही. तीन आठवडे असं चाललं. रोज कावळा छपरावर, रोज घास तिच्या पोटात. दार सरकल्याची घसट ऐकली की ती झुडपातून निघायला लागली. तिच्या अंगाखाली सड लोंबत होते, पिल्लं होती कुठंतरी. आधी तो काच बडवायचा, मग नुसता बघायचा, आणि मग, हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, भात जरा जास्त घ्यायला लागला.

आणि तिनं चप्पल नेली. त्याला वाटलं, हिला घास दिला, हिनं पाय नेला. त्या रागाच्या भरातच तो कुंपणापर्यंत गेला तेव्हा पलीकडे देवांग उभा होता आणि त्याच्याजवळ टोपीवाला एक म्हातारा अमेरिकन, तारेचा लांबट पिंजरा शेडच्या कडेला सरळ करत होता. "गुड मॉर्निंग, शैलेंद्रभाई. हा अर्ल. ट्रॅपर. जनावरं पकडतो. माझ्या शेडखाली फॅमिली आहे ना त्या कोल्हीची." देवांगचा चेहरा उतरलेला होता. "परवा बायकोनं आमचं डेकचं दार उघडलं तर ती सरळ वर आली यार. आमच्या रीमाच्या हातात बिस्किट होतं. दोन वर्षांची पोर, तिच्या तोंडासमोर हे एवढं तोंड. घाबरत पण नाय." सगळी घरं एका साच्याची, सगळ्या डेकची दारं एकाच घसटीची. तिनं कुठल्या दाराचा आवाज कुठं ओळखला, हे त्याला एका क्षणात कळलं. अर्ल म्हणाला, दोन दिवस सार्डिन मासे लावतोय, ती ढुंकून बघत नाही. कुणीतरी तिला खायला घालतंय. पोट भरलेला कोल्हा पिंजऱ्यात जात नाही. "कोण घालतं यार?" देवांग म्हणाला. "पागल आहेत लोक." बोलायची हीच वेळ होती. शैलेंद्रनं तोंड उघडलं, आणि बाहेर आलं ते भलतंच. "भात लावून बघा," तो म्हणाला. "तूप घालून. आमच्या डेकवर सांडलेला खाताना पाहिलीय मी तिला." देवांग एवढ्या काळजीतही हसला. "भात? कोल्ही भात खाणार? मग वरण पण देऊ? लिंबू?" पण शैलेंद्र घरात गेला, आणि वाटी घेऊन आला. आपल्या हातानं मूद करून दिली. अर्लनं ती पिंजऱ्याच्या टोकाला ठेवली, बोटं पँटला पुसली. तेव्हा कुठं शैलेंद्रनं विचारलं, "पकडल्यावर सोडता कुठं?" अर्लनं त्याच्याकडं जरा नीट पाहिलं. सोडत नाही, म्हणाला. या राज्यात पकडलेला प्राणी दुसरीकडं नेऊन सोडायला बंदी आहे, मारावा लागतो. थोडं थांबून म्हणाला, माझं विचाराल तर मी थांबेन. खाणं बंद झालं आणि पिल्लं पळायला लागली की दोन-तीन आठवड्यांत सगळी आपणहून जातात. पण घाबरलेल्या बापाला कोण सांगणार? देवांगनं मान फिरवली. "मी रिस्क नाय घेणार," म्हणाला. अर्ल उद्या सकाळी आठला येतो म्हणाला. आत्ता बोल, शैलेंद्र स्वतःला म्हणत होता, आत्ता बोल. आणि तो नुसता मान हलवत उभा होता, पडद्यावर दिसणाऱ्या, लाल रेघेमागच्या माणसासारखा.

दिवसभर झोप आली नाही. पडदे ओढून पडला तर पडद्याच्या फटीतून शेड दिसायची, उशी डोक्यावर घेतली तर घरघर वाजायची. संध्याकाळी डबा भरताना सुलेखा म्हणाली, "एवढा चिडतोस कुणावर? त्या जनावरावर?" "नाही." "मग माझ्यावर? चपला बाहेर ठेव म्हणाले म्हणून?" तो म्हणू शकला असता, नाही गं, तुझ्यावर नाही. डबा उचलला आणि गेला. रात्रभर सर्व्हरच्या रांगांमधल्या थंड गल्ल्यांतून दिव्यांच्या हिरव्या टिकल्या मोजत फिरला, आणि सारखं त्याच्या डोळ्यांपुढं येत होतं ते कोल्हीचं मरण नव्हे, ती मूठभर मूद होती. त्याच्या बोटांचे ठसे त्या भातावर होते. समन्स घेऊन जाणाऱ्याचं नाव तरी खाली लिहिलेलं असायचं.

सकाळी सातला आला. गळ्यातली बॅजची फीत काढायचीही शुद्ध नव्हती. सवयीनं बूट गॅरेजच्या दारात काढले, घरातून तसाच मोज्यांवर मागं गेला, दार सरकवलं. ती घसट झाली आणि पलीकडून, शेडकडून, तारेवर अंग आपटल्याचा आवाज आला. अडकली होती. दाराच्या आवाजानं उठली होती, घासाच्या वेळेला. त्यानं खाली बघितलं तर पायात घालायला तिथं एकच वस्तू होती. त्यानं उजवा पाय तिच्यात सरकवला. चार वर्षं कुणी न घातलेलं चामडं, लाकूड झालेलं, अंगठ्याला बोचणारं. डाव्या पायात नुसता मोजा. पायऱ्या उतरला, ओल्या गवतातून, कुंपणाच्या फाटकातून पलीकडं निघाला. आधी काहीच आवाज नव्हता. देवांगच्या दारापासून शेडपर्यंत सिमेंटच्या फरशा होत्या, त्यावर पाय पडला आणि चप्पल बोलली. कर्र. मग मोज्याचं मुकं पाऊल. मग कर्र. पिंजऱ्यात तिचे कान उभे झाले.

भाताची मूद संपलेली होती. ती पार टोकाला तारेला पाठ चिकटवून बसली होती, नाकावर तार लागून रक्त आलेलं. शेडच्या पायथ्याशी उकरलेल्या भोकात काहीतरी हललं, मातकट, मुठीएवढं तोंड, आणि त्याच्या पलीकडं अंधारात चपलेच्या पट्ट्याचा एक तुकडा, लाल गोंडा, चावून चिंध्या झालेला. त्यानं बघितलं, आणि आश्चर्य म्हणजे त्याला काही वाटलं नाही, किंवा जे वाटलं ते रागाचं नव्हतं. त्यानं पिंजऱ्याची कडी दाबली, दोन्ही हातांनी दार वर उचलून धरलं. "जा." ती गेली नाही. "जा ना. जा." ती बघत राहिली. वाट बघत असल्यासारखी, झाडावरच्या त्या तिघांसारखी, छपरावरच्या त्या एकासारखी. त्याचे हात दुखायला लागले. आठला अर्ल यायचा होता. आणि त्याच्या तोंडातून, ओणव्यानं, हळूच आलं, "बाबा, मी येतो. पुढच्या वर्षी सगळं आवरून..." आणि तिथंच अडकलं. खोटं होतं ते. तेव्हाही खोटंच होतं, कुणी ऐकलं नाही म्हणून वर्षभर खरं वाटत राहिलं होतं. "नाही येत," तो मोठ्यानं म्हणाला. "नाही येणार मी. नैना इथं आहे, सगळं इथं आहे. मला यायचंच नाही आता. झालं? ऐकलंत?" पलीकडं कुणाची तरी खिडकी उघडली. कोल्ही तशीच. तो संतापला, दार धरल्या हातांनीच पिंजरा गदागदा हलवला. "मग आता काय पाहिजे अजून?" ती तारेत आणखी रुतली. आणि तेव्हा, इतक्या उशिरा, त्याला दिसलं. एकच दार होतं पिंजऱ्याला आणि त्या दारात तोच उभा होता.

त्यानं गळ्यातली फीत काढली, उचललेलं दार वरच्या तारेला त्या फितीनं करकचून बांधलं आणि बाजूला झाला. दोन पावलं. कर्र, आणि एक मुकं. तांबूस रेघ त्याच्या पोटरीला घासून गेली, आवाज न करता, आणि शेडखालच्या भोकात मिटली. पिंजऱ्याच्या दारावर त्याचा बॅज हलत राहिला, सात वर्षांपूर्वीचा फोटो, खाली ठळक अक्षरात नाव.

"शैलेंद्रभाई?" देवांग दारात उभा होता, हातात मग, कडेवर अर्धवट झोपेतली रीमा. "हे काय केलं?"

"मी सोडली," शैलेंद्र म्हणाला. "खायला पण मीच घालत होतो. तीन आठवडे, रोज. म्हणून ती तुमच्या दाराशी आली. आजपासून बंद."

देवांगचा चेहरा लाल होत गेला. "माझी पोरगी आहे, यार," तो म्हणाला. "काल इथंच उभे होतात. मला तोंडावर..." रीमा मात्र वाकून त्याच्या पायांकडं बघत होती, एका चपलेकडं, एका चिंब मोज्याकडं.

"अर्ल आला की मला बोलवा," तो म्हणाला. "मीच सांगतो त्याला." आणि वळला. गवतातून जवळचा रस्ता होता. तो फुटपाथनं गेला, सगळ्या एकसारख्या घरांपुढून वळसा घालून, उजवा पाय जरा दाबून टाकत. पडदे हलले. कुठलंसं कुत्रं भुंकलं. कोपऱ्यावरून वळताना त्याला आपल्या घराचं पुढचं दार दिसलं. ते त्यानं अजून वाजवलं नव्हतं, तरी सुलेखा ते उघडून उंबऱ्यात उभी होती, हात ओट्यावरचे ओले, तसेच.